हुरड्याच्या पानाचे राखणदार

आमच्या थोरल्या साडूंना सोलापुरात आजवर कुणी काहीही विकू शकलेलं नाही. मी हिशेबाने बोलणारा माणूस आहे, फुगवून सांगत नाही. वर्तमानपत्रातून पडलेली रंगीत पत्रकं ते उलटी करून कोऱ्या बाजूवर किराणा लिहितात. लग्नपत्रिकेच्या तळाशी कुण्या दुकानाच्या शुभेच्छा छापलेल्या दिसल्या, तर तेवढ्यावर कागद चिकटवून मगच पत्रिका देवापुढे ठेवतात. उभी नोकरी टपाल खात्यात, चुकीच्या खणात गेलेली पत्रं बाहेर काढण्यात गेली. निवृत्तीनंतर हाताला चैन पडेना, तेव्हा त्यांना इंटरनेटवरचा तो ज्ञानकोश सापडला, जो कुणीही लिहावा आणि कुणीही दुरुस्त करावा. कुणीही लिहावा म्हटल्यावर जाहिरातवाले आलेच. सांगोल्याच्या पानावर डाळिंबाच्या रोपवाटिकेचा दुवा, जेऊरच्या पानावर लॉजचा, आणि ‘दुष्काळ’ या पानावर चक्क बोअर मारून देणाऱ्याचा. साडू ते उपटतात.

उपटतात म्हणजे दुपारची जेवणं झाल्यावर, झोपाळ्यावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन. बाहेर गल्ली उन्हाने पांढरी पडलेली असते, कुठूनतरी मागाचा खडखडाट येत असतो, कडुनिंबाची सावली त्यांच्या पायांवरून सरकत असते. अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी, शेतातलं तण बघावं तसं ते पान बघतात. मध्येच एक बोट उचलतं, एक दुवा जातो, परत झोका. शेजारी बसलं की वाटतं, हे झोपलेत आणि स्वप्नातच खुरपणी चाललीय. मात्र ज्याचा दुवा काढला त्याच्या चर्चापानावर, म्हणजे त्याला निरोप ठेवायच्या पानावर, ठरलेला मजकूर टाकायला ते कधी चुकत नाहीत: ‘नमस्कार, ज्ञानकोशात आपले स्वागत आहे. आपण जोडलेला दुवा प्रसिद्धीपर असल्याने काढला आहे.’ एका लॉजवाल्याने त्यावर उलट लिहिलं की तुमच्यासारखा बिनकामाचा म्हातारा जिल्ह्यात नसेल. साडूंनी खाली लिहिलं, ‘कृपया संदर्भ द्यावा.’

त्यांची एकुलती लेक मंद्रूपजवळ नवऱ्याच्या शेतावर हुरडा पार्ट्या करते. थंडीत ज्वारीची कोवळी कणसं आगटीत भाजायची, गरम असतानाच चोळून हिरवे दाणे पाहुण्यांपुढे ठेवायचे. आगटीपाशी बसून कणसं चोळायचं काम दरवर्षी साडूंचं. एका थंडीत लेकीने ‘हुरडा’ या पानाच्या तळाशी आपल्या शेताचा दुवा जोडला. साडूंनी तो काढला, आणि ठरलेला मजकूरही टाकला.

लेकीचा फोन आमच्या घरी, माझ्या बायकोला आला. “मावशी, बाबांनी माझा दुवा काढला ते काढला, वर मला ‘आपले स्वागत आहे’ म्हणतात. मी काय पाहुणी हाय का?”

मी साडूंना गाठलं. “नाव ओळखलं नाही का तुम्ही?”

“ओळखलं की. म्हणून तर एक ओळ जास्तीची लिहिली.”

“कुठली?”

“‘काही शंका असल्यास जरूर विचारावे.’”

“एक दुवा राहिला असता तर ज्ञानकोश बुडणार होता का?”

“लेकीचा ठेवला, तर लॉजवाल्याचा कुठल्या तोंडानं काढू?”

लेक साडूंशी बोलायची थांबली. हुरड्याचं बोलावणं आम्हाला आलं, तिच्या आईला आलं, साडूंना आलं नाही. आम्ही परतलो तेव्हा ते झोपाळ्यावर होते, लॅपटॉप मिटलेला. “दाणं कवळं होतं का?” एवढंच त्यांनी विचारलं. होते, म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि झोका घेतला नाही.

थंडी सरता सरता एका दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. हुरड्याच्या पानावर कुणीतरी फोटो जोडला होता. दोन हात कणीस चोळताहेत, तळव्यात हिरवे दाणे, वर धुराची बारीक रेघ. खाली ‘हुरडा चोळताना, मंद्रूप’. दुवा नाही, शेताचं नाव नाही, कुणाचंच नाव नाही. उजव्या हाताची करंगळी तेवढी वाकडी होती. ती करंगळी मी लग्नापासून ओळखतो.

त्यांनी फोटो मोठा करून बघितला. मग म्हणाले, “ज्यात आपण असतो ते पान आपण राखायचं न्हाय, असा नियम हाय. हे पान सुटलं आता माझ्याकडून.” त्या ज्ञानकोशात धन्यवाद म्हणायचं एक बटण असतं, एकदा दाबलं की परत घेता येत नाही. साडूंनी ते दाबलं.

त्यांच्या चर्चापानावर उत्तर आलं. ‘नमस्कार. हुरडा संपला, कणसं निबर झाली. तरी या.’

आम्ही गेलो. पाहुणे नव्हते, आगटी थंड होती. साडू राखेपाशी बसून एक वाळलेलं कणीस उगीच चोळत राहिले. लेकीने भाकरी आणून पुढे ठेवली.

“फोटो कधी काढलास?”

“तुमी बघत नव्हता तवा.”

हुरड्याचं पान आता मी राखतो. मीही नात्यातलाच की, असं म्हणालो होतो, पण साडूंनी विचार करून सांगितलं, “साडूचं नातं नियमात कुटं लिहिलेलं न्हाय.” थंडी पडू लागली की दुवे येतात. मी काढतो, स्वागताचा मजकूर टाकतो. पान मात्र लगेच बंद करत नाही. दुपार असते, कुठंतरी माग चालू असतो, आणि त्या दोन हातांवरचा धूर अजून विरलेला नसतो.