पंप बंद, पंखा चालू

बाबांना पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा ते ट्रक चालवत होते. भिवापूरहून मिरची भरून नागपूरजवळच्या वाडीच्या गोदामाकडे निघाले होते. जीव वाचला, उजवी बाजूही काठी धरून चालण्यापुरती परत आली, पण बोलणं गेलं ते गेलंच. सहा महिने 'हो' आणि 'चा' एवढंच. 'चा' म्हणजे चहा. ज्या माणसाच्या शिव्यांना अमरावती रोडवरचे ढाबेवाले घाबरायचे, तो माझा बाप 'चा' म्हणायचा आणि दमून डोळे मिटायचा. मला इतका राग यायचा, कोणावर ते माहीत नाही.

बोलणं शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "त्यांना आवडतं ते करू द्या. बोलावंसं वाटलं पाहिजे."

भाऊ पुण्याला नोकरीला गेल्यापासून त्याचा गेम खेळायचा कॉम्प्युटर वरच्या खोलीत पडून होता. दिवाळीला आला तेव्हा त्याने त्यात ट्रक चालवायचा गेम टाकला, टेबलाला एक स्टेअरिंग आवळून बसवलं आणि बाबांना समोर बसवलं. दहा मिनिटांत पडद्यावर एक कार आडवी आली आणि बाबा ओरडले, "अबे हट ना बे!"

आई तव्यावरची पोळी तशीच टाकून वर धावली. "शिवी देल्ली ना वं त्याइनं?"

"हो."

"मंग बरं झालं," म्हणाली आणि पदराने डोळे पुसत बसली.

त्या हिवाळ्यात रोज एखादा नवा शब्द यायचा. डिझेल. डिप्पर. साल्या. जानेवारीत एकदा स्टेअरिंग न सोडता ते म्हणाले, "पोरी, पाणी दे." मी पाणी आणायला गेले ती जिन्यातच बसून राहिले. सकाळी व्यायामवाल्या बाई, मग आंघोळ, जेवण, आणि दोन वाजता काठी टेकत वर. बाबांची गाडी दोनलाच सुटायची. वेळ बदलायचं नाव काढलं की कपाळाला आठ्या.

एप्रिलमध्ये पहिल्यांदा पडदा काळा झाला. भर रस्त्यात, चालत्या गाडीत, फटकन. बाबा तसेच बसून राहिले, तोंड अर्धं उघडं. त्या दिवशी त्यांनी एक शब्द काढला नाही. दोन दिवसांनी पुन्हा तेच झालं आणि त्या आठवड्यात 'पाणी' गेलं. मागायचं असलं की पुन्हा ग्लासकडे बोट. हा डबा बंद पडत राहिला तर माझा बाप पुन्हा 'चा'वर येणार होता.

भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, तापत असेल तो. नव्वदच्या वर गेला की जळू नये म्हणून स्वतःच बंद होतो." त्याने आतल्या तापमानाचा आकडा माझ्या मोबाईलवर दिसेल अशी सोय करून दिली. मी तो आकडा बघायला लागले आणि मग दुसरं काही बघायचं सोडूनच दिलं.

आधी झाकण उघडलं. पंख्यांवर धुळीचा गालिचा जमलेला. रंगाच्या ब्रशने सगळं झटकलं. चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी त्र्याण्णव आणि पडदा काळा. मग दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने प्रोसेसरवरची वाळून खडंग झालेली पेस्ट खरवडून नवी लावली. मागचा एक पंखा भावाने उलटा बसवलेला निघाला. गरम हवा बाहेर टाकायची सोडून तो ती आतच ढकलत होता. भावाला फोनवर चांगलंच झापलं.

मे लागला आणि आकडा पुन्हा चढला. दुरुस्तीवाला पुन्हा आला, स्लॅबकडे बघितलं, भिंतीला हात लावून लगेच काढून घेतला. "ताई, यात काही खराबी नाही. खोलीच तापून राहिली आहे. इथं काही टिकणार नाही."

काही टिकणार नाही, असं म्हणाला तो. मी ऐकलं ते कॉम्प्युटरबद्दल.

खाली हलवायचा तर खालची जुनी वायरिंग. फ्रिज आणि कूलर चालू असताना तिसरं काही लावलं की फ्यूज उडायचा. वरच्या खिडकीत मोठा कूलर होता, त्यात पाणी सोडलं की ओली गार हवा बाबांच्या पाठीवर यायची. मी दुरुस्तीवाल्याला विचारलं, "कूलरसमोर आणून ठेवला तर?"

"ओली हवा मारू नका. बोर्डावर ओल धरली की संपलं."

मग मी डोकं चालवलं. त्या डोक्याला काय म्हणू आता! टेबल ओढून खिडकीशी नेलं, कॉम्प्युटरचं झाकण काढून उघडी बाजू कूलरच्या तोंडाशी धरली, बाबांची खुर्ची त्याला लागून ठेवली आणि कूलरचा पाण्याचा पंप बंद केला. पंप बंद, पंखा चालू. ओल नाही, वारा मात्र भरपूर. आकडा पंधरा मिनिटांत चौऱ्याहत्तरवर आला. मी टाळ्या वाजवल्या.

आई दारातच थबकली. "हे तं भट्टीवानी लागून राहिलं वं. पाणी काहून नाही सोडत?"

"आई, खराब होईल ना ते."

"अन् हे?"

"ओला टॉवेल देते ना त्यांच्या खांद्यावर. आणि वारा आहे की एवढा!"

बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर होता आणि तो कूलर बाहेरचीच हवा ओढून माझ्या बापाच्या अंगावर फेकत होता. नव्वदला पोचलेल्या लोखंडाला ती हवा थंड. माणसाला ती थंड कशी असेल? नागपुरात जन्मलेल्या बाईला हे सांगावं लागतं का? मी बाबांना विचारलं मात्र. "गरम होते का जी?"

"नाही," ते म्हणाले. एकदम स्वच्छ, न अडखळता. आज मला कळतं की त्यांना गाडी हातातून जायची भीती होती. माझ्याइतकीच, कदाचित जास्त. त्या दिवशी मात्र मला शब्द स्पष्ट आल्याचाच आनंद झाला.

तीन दिवस पडदा काळा झाला नाही. वरून शिव्या जिन्यातून खाली यायच्या आणि आम्ही मायलेकी हसायचो. जेवण कमी झालं होतं त्यांचं. उन्हाळ्यात होतंच, असं मीच आईला सांगितलं.

चौथ्या दिवशी मी खाली ब्लाउज शिवत होते. खालच्या कूलरला पाणी होतं, वाळ्याचा वास येत होता, मशीनशेजारी मोबाईल उभा करून ठेवला होता. एकाहत्तर. एकोणसत्तर. अडुसष्ट. इतका खाली कधीच आला नव्हता. मी त्याचा फोटो भावाला पाठवला, त्याने अंगठा पाठवला.

"आवाज नाही येऊन राहिला," आई म्हणाली.

"रिकाम्या रोडवर असेल गाडी."

"पाहून तर ये."

"एवढी बाही होऊ दे."

बाही झाली, दुसरीही झाली. मग आईच उठली आणि जिना चढायला लागली, तशी मी तिच्या मागे गेले.

पडद्यावर ट्रक रस्त्यात उभा होता, इंजिन घुरघुरत होतं. गाडी चालत नव्हती म्हणून आकडा उतरला होता. बाबा खुर्चीत एका बाजूला कललेले. चेहरा लालबुंद, अंगावर घामाचा थेंब नाही. खांद्यावरचा टॉवेल वाळून पापड झालेला. आईने कपाळाला हात लावला आणि ओरडली. बादली मी कधी आणली, शेजारचे कधी आले, ऑटोत कोणी चढवलं, मला काही आठवत नाही. कूलर कोणी बंद केला तेही नाही.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, उष्माघात. डोक्याला झटका लागलेला होताच, त्यात हे. "घरी ताप किती होता? मोजला का?" घरात थर्मामीटरच नव्हता.

नऊ दिवसांनी बाबा घरी आले. जेवतात, काठीने अंगणापर्यंत जातात, उन्हात जाऊ नका म्हटलं की थांबतात. 'हो' नाही, 'चा' नाही. काहीच नाही.

नवी वायरिंग करून घेतली आणि परवा कॉम्प्युटर खाली आणला. कूलरला पाणी सोडलं, बाबांना वाऱ्यात बसवलं आणि स्टेअरिंगवर मी बसले. मला येत नाही गाडी चालवता. तरी मुद्दाम रॉंग साइडने घातली, दुभाजकावर चढवली, एका कारला मागून ठोकलं, भर चौकात गाडी आडवी केली. मागे सगळे हॉर्न मारत होते. बाबा पडद्याकडे बघत होते, मग माझ्याकडे, घरी आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसे, थोडंसं हसून.

"एक शिवी द्या ना जी बाबा," मी म्हटलं. "एकच."

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "काही म्हणाले काय वं?"

"नाही," मी म्हटलं.