दाढेखालची ज्वारी

परवा बाजारात ज्वारीचं पोतं उघडलं आणि त्या कोरड्या, धुळकट वासासरशी मी जतजवळच्या एका अंगणात पोचले.

तेव्हा मी ज्वारीच्या देशी वाणांवर पीएच.डी. करत होते. आम्ही शहरात, विश्रामबागेत राहायचो, मुलगी पाच वर्षांची, मुलगा तीन. एका दुपारी दोघांनी भातुकलीत माझ्या दोन वाणांचे नमुने एकाच पातेल्यात कालवले. मी ओरडले, मग स्वतःच रडले. दुसऱ्या दिवशी ती ज्वारी आणि दोन्ही मुलं घेऊन एसटीने जतजवळ शेती करणाऱ्या शांताक्कांकडे गेले. बियाणं त्यांनीच दिलं होतं.

"अक्का, सगळं एक झालं. पुन्हा मिळेल का?"

"मिळंल की. पर एक कसं झालं? वळखू येतंय की!" त्यांनी एक दाणा दाढेखाली फोडला. "ही कडक, लाह्यांची." दुसरा फोडला. "ही पिठाळ, आंबिलीची."

मुलं लगेच त्यांच्याजवळ जाऊन बसली. अक्का दाणा देत, मुलं चावून सांगत, "लाह्यांची!" "आंबिलीची!" अक्का दर वेळी म्हणत, "व्हय."

मीही दहा-बारा दाणे चावले. मला सगळे सारखेच लागले. दोन वर्षं मी ते दाणे मोजत होते, तोलत होते. तोंडात मात्र एकही टाकला नव्हता. त्या दिवसामुळे प्रबंधात एक नवं प्रकरण आलं, दाणा चावून वाण ओळखण्याचं.

मुलांना तेव्हा खरंच चव कळत होती, की अक्का नुसतंच "व्हय" म्हणत होत्या, हे कुतूहल अजून आहे. आता मोठी झालेली दोघं म्हणतात, "आई, आम्हाला आठवतही नाही."