जोडी मैदानापुरती

भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, त्याचं सुखदुःख मोठ्या माणसांना. आमच्यासारख्या भरतीच्या मागे लागलेल्या पोरींना त्याचा एकच अर्थ माहीत होता: पोलीस भरती आता दोन ठिकाणी निघायची आणि मैदानाच्या तारखा वेगळ्या असल्या की दोन्हीकडे पळता यायचं. मी आंधळगावची. याआधी दोनदा पळाले होते आणि दोन्ही वेळा हात हलवत घरी आले होते. आता वयाची मर्यादा डोक्यावर आली होती. त्या वर्षी लागले तर लागले, नाहीतर खाकीचा विषय कायमचा मिटला. म्हणून बाबांनी मला तुमसरजवळच्या एका अकॅडमीत नेऊन टाकलं.

अकॅडमी हे नाव फक्त गेटवरच्या पाटीवर. आत बंद पडलेल्या राइस मिलचं आवार, टिनाचं एक लांब शेड आणि त्यात ओळीने टाकलेल्या आमच्या सतरंज्या. शेजारची मिल मात्र चालू होती. तिथून उकडलेल्या धानाचा वास यायचा आणि कोंड्याची काळी राख उडत यायची. धुतलेले मोजे वाळेपर्यंत पुन्हा मळायचे आणि मळलेल्या मोज्यांबद्दल शिक्षा आम्हालाच व्हायची.

अकॅडमी चालवणारा माणूस फौजेतून निवृत्त झालेला होता. त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. अंगाने वाळका, पण शिव्या तीन भाषांत यायच्या आणि तिन्ही अस्खलित. चुकलं की रगडा. रगडा म्हणजे तापलेल्या आवारात कोपरांवर रांगायचं, उस्ताद पुरे म्हणेपर्यंत. कोणी रडलं की रगडा वाढायचा. त्यामुळे पोरी रडायच्या त्या अंघोळीच्या वेळी, बादलीत नळ सोडून.

उस्तादांची खास रीत म्हणजे जोडी. पहिल्याच सकाळी त्यांनी आम्हाला मागच्या बोडीला फेऱ्या मारायला लावलं. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं, त्याच्या पाळीवरून पायवाट होती. फेऱ्या संपल्यावर सगळ्यात पुढे आलेली आणि सगळ्यात मागे राहिलेली यांची जोडी लावली, मग दुसरी आणि शेवटून दुसरी, अशा सगळ्या. सगळ्यांत पुढे मी होते. मागे होती एक अड्याळची उंच, हसरी पोरगी, जी पाळीवर बसून उलटी करत होती.

उस्तादांनी माझ्या कमरेला दुपट्टा बांधला आणि त्याचं दुसरं टोक तिच्या हातात दिलं. "आज से तुम दोनो एक जिस्म हो. जोडी टूटी तो दोनो को रगडा." तेव्हापासून रोज मी पुढे आणि ती मागे. तिने टोक सोडलं की दोघी कोपरांवर. मी जास्त जोरात ओढलं आणि ती पडली, तरी दोघी कोपरांवर. अकॅडमीत नावाने हाकही मारायची नाही. ती मला जोडी म्हणायची, मी तिला जोडी म्हणायचे.

पहिले काही आठवडे मला ती ओझं वाटायची. पाळीला एका टोकाला, जिथून पावसाळ्यात पाणी सांडायचं, तिथे वळण आणि चढ दोन्ही एकदम होते. तिथे आली की तिचा दम तुटायचा, दुपट्टा ताणला जायचा आणि कमरेला हिसका बसायचा. मग मी शिकले. वळण आलं की हिसका बसायच्या आधीच पाऊल आखडतं घ्यायचं, तिचा श्वास जुळेपर्यंत तसंच राहायचं आणि मग हळूहळू वेग वाढवायचा. उस्ताद बाकीच्या जोड्यांना म्हणायचे, "देखो, ऐसे खींचते है." मला त्याचा अभिमान वाटायचा. किती मूर्ख होते मी.

जोड्याजोड्यांत मात्र उभं वैर. संध्याकाळी जी जोडी पुढे, तिला आधी जेवण. जी मागे, तिने सगळ्यांची भांडी घासायची. कोणी कोणाच्या बुटात राख भरायची, कोणी आमच्या दुपट्ट्याची गाठ ढिली करून ठेवायची. त्या वैरात आम्ही दोघी एक झालो. एकदा मला ताप होता. हजेरीला मी उभी राहू शकले नाही, रांग मोडली. उस्तादांनी विचारलं कोण हललं, तर माझ्याआधी ती म्हणाली, "मी हलली, उस्ताद." आणि माझ्या वाटणीचा रगडा तिने एकटीने घेतला. संध्याकाळी मी तिच्या सोललेल्या कोपरांना हळद लावली. हे सगळं खरं होतं. पुढे जे झालं त्यामुळे ते खोटं ठरत नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास होतो.

कारण अडचण साधी होती. दोघींच्या घरी बुद्धवंदना व्हायची, अर्जात दोघींचा प्रवर्ग एकच होता आणि त्या प्रवर्गात पोरींच्या जागा मोजक्या. आई मला भेटायला आली तेव्हा बोडीवर तिने आमची दौड पाहिली. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, तू आपलीच सवत ओढून राहिली. कायले?" मी हसले. म्हटलं, "ओढली नाही तर मलेच रगडा पडते, आई." आईला ते पटलं नाही. मलाही पटलं नव्हतं, पण कमरेचा दुपट्टा सोडायची सोय नव्हती.

भंडाऱ्याचं मैदान सपाट, आखलेलं. तेव्हा पोरींना तीन किलोमीटरची दौड असायची. शिट्टी झाली आणि मी सुटले. कमरेला काही नव्हतं, हलकं वाटत होतं. पहिल्या फेरीत मी पुढे होते. मग शेवटचं वळण आलं आणि माझे पाय आपोआप आखडले. चढ नव्हता, दुपट्टा नव्हता, मागे कोणी दम तोडत नव्हतं. तरी शरीर थांबलं, कोणाचा तरी श्वास जुळायची वाट पाहत. मी स्वतःला शिव्या घातल्या, पुढे रेटलं. दुसऱ्या फेरीत त्याच वळणावर पुन्हा तेच. जी चाल वर्षभर अंगात मुरवली होती, ती एका सकाळी कशी निघणार?

आणि ती? तिच्या पायांना माझा वेग लागला होता. शेवटच्या फेरीत ती माझ्या बरोबरीला आली, म्हणाली, "चाल ना, जोडी," आणि निघून गेली. याचा मला राग नाही. दौडीत कोणी कोणासाठी थांबत नसतं, निदान थांबू नये. ओढणाऱ्याचं काय होतं हे उस्तादांनी कधी सांगितलं नाही. त्यांना ठाऊक असणार, कारण दरवर्षी मागच्या पोरी लागायच्या आणि पुढच्या पोरी घरी जायच्या.

गोंदियाला तर मी सुजलेली नडगी घेऊनच पळाले, तिथे आशा नव्हतीच. लेखी झाली, निकाल लागले. ती भंडाऱ्यातही लागली आणि गोंदियातही. मी भंडाऱ्याच्या प्रतीक्षा यादीत पहिली. आमच्या प्रवर्गातली एक जरी पोरगी हजर झाली नाही, तर मी आत.

निकालानंतर सामान न्यायला आम्ही दोघी अकॅडमीत आलो होतो. बोडीच्या पाळीवर बसून चिवडा खात होतो. मी काही मागितलं नव्हतं. तीच म्हणाली, "मी गोंदियाले जाईन. मले दोन्ही सारखेच. इथली जागा तुयी."

मी म्हटलं, "घरी विचारलं का?"

"घरचे काय म्हनतेत? नोकरी ते नोकरीच. तुयं वय संपून राहिलं, मायं आहे अजून." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "तू मले येथलोक ओढून आणलं. एवढं तं करीनच."

मी घरी जाऊन सांगितलं आणि आईने गल्लीभर सांगितलं. बाबांनी त्यांची जुनी ट्रंक काढली, गंज घासला आणि हिरवा रंग दिला. ट्रेनिंगला जाताना ट्रंक लागते म्हणे. माझ्यापेक्षा ते त्या ट्रंकेकडेच जास्त वेळ पाहायचे.

नंतर कळलं ते तुमसरच्या बस स्टँडवर. अकॅडमीचं फ्लेक्स लागलं होतं, त्यावर तिचा मोठा फोटो आणि खाली लिहिलेलं: भंडारा जिल्हा पोलीस दलात रुजू. मला वाटलं, छापणाऱ्याने गोंदियाच्या जागी भंडारा छापलं. खरंच तसं वाटलं. मी तिथूनच तिला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, बंद होता. मी तशीच अकॅडमीत गेले.

उस्ताद नव्या पोरींच्या जोड्या लावत होते. मी म्हटलं, "उस्ताद, ती गोंदियाला जाणार होती. माझी जागा होती." ते माझ्याकडे वळलेही नाहीत. म्हणाले, "जोडी मैदान तक, बेटा. नौकरी अकेले की होती है." आणि एका पोरीच्या कमरेला दुपट्टा बांधत राहिले.

ज्या माणसाने जोडी तुटली म्हणून आमची कोपरं सोलून काढली, त्याने मला हे ऐकवलं. मी त्याला तोंडावर काय बोलले ते लिहीत नाही. तीन भाषांत नव्हतं, पण एका भाषेत पुरेसं होतं. गोंदियाची तिची जागा तिथल्या कुठल्या तरी पोरीला मिळाली. त्या पोरीने मला पाहिलेलंही नसेल.

यानंतर लग्न झालं, मुलगी झाली. आता मी एका सरकारी दवाखान्यात कंत्राटी सुरक्षारक्षक आहे. गणवेश आहे, शिट्टी आहे, नातेवाइकांच्या गर्दीला रेटायचं काम आहे. पोलीस रोज येतात. मला माहीत होतं, कधीतरी ती येणार. काय बोलायचं ते मी तयार ठेवलं होतं. लालची. दगाबाज. उस्तादाची चमची. घरी कपडे आपटताना मी ते किती वेळा घोकलं असेल.

ती आली ती एका दुपारी, एका आरोपी बाईला तपासणीला घेऊन. अंग भरलं होतं, चेहरा तोच. मला पाहून थबकली, मग बाकावर बसली आणि शेजारची जागा हाताने झटकली. मी बसले नाही. उभ्यानेच विचारलं, "काहून केलं तू असं?"

आरोपी बाई आमच्याकडे टकमक पाहत होती. खाली पाहत माझी जोडी बोलली, "मी गेली होती वो गोंदियाले, कागदं घेऊन. स्टेशनवर उतरली तं पायच निघेना. एकटी कशी राहिली असती तिथं? तशीच वापस आली. इथं तू होती ना जवळ."

मी तयार ठेवलेल्यातलं काहीच इथे लागू पडत नव्हतं. तिने पैसे खाल्ले असते, कोणी तिला फितवलं असतं, तर माझ्याकडे बोलायला होतं. पण ती माझ्या जवळ राहायचं म्हणून माझी जागा खाऊन बसली होती, आणि हे ती मला प्रेमाने सांगत होती. मला तिचा इतका संताप आला की डोळ्यात पाणी आलं, आणि ते पाणी तिने चुकीचं वाचलं. तिने माझा हात धरला.

तेवढ्यात आतून तपासणीसाठी हाक आली. आरोपी बाईला उठवत ती म्हणाली, "ये ना सोबत, जोडी. डॉक्टरसमोर मले भेव वाटते अजून."

मी हात सोडवून घेतला. म्हटलं, "मायी ड्यूटी गेटवर आहे," आणि गेटवर जाऊन उभी राहिले.