पक्क्या रंगाचा फोटो

मी तेव्हा अमेरिकेत नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या डिपेंडंट व्हिसावर होते. नोकरी करायला परवानगी नाही, घरातली एकुलती एक गाडी नवरा ऑफिसला घेऊन जाणार, आणि मॉरिसव्हिलमधल्या आमच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्सचा फुटपाथ कोपऱ्यावर गेला की अचानक संपायचा. अशा बाईने दिवसभर करावं काय? काहीजणी केक करायला शिकल्या, काहीजणी एकमेकींकडे जमून सासवांना नावं ठेवायला लागल्या. मी कॅमेरा हातात घेतला. खरं तर तो नवऱ्याने स्वतःसाठी आणला होता. दोन-चार रविवार तळ्यावरच्या बदकांचे फोटो काढून त्याचा उत्साह मावळला आणि कॅमेरा माझ्याकडे आला तो कायमचा.

मी पुण्याची. एखादी गोष्ट अर्धवट शिकणं मला जमत नाही, आणि शिकल्यावर चारचौघांना न शिकवणं तर त्याहून जमत नाही. त्यामुळे आमच्या ओळखीच्या सगळ्या मराठी घरांत मी 'रॉवाली' म्हणून प्रसिद्ध झाले. कॅमेरा फोटो दोन प्रकारे साठवतो. जेपेग म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःच्या अकलेने रंग-उजेड ठरवून, फाइल दाबून लहान करून दिलेला तयार फोटो. आणि रॉ म्हणजे आत आलेला सगळा उजेड जसाच्या तसा. ती फाइल अवजड, प्रिंटवाले ती घेत नाहीत; आपणच कॉम्प्युटरवर बसून तिचं जेपेग करायचं. मी सगळं रॉमध्येच काढायचे. वाढदिवसाचा केकसुद्धा. "यार, आम्हाला फोटो दिवाळीपर्यंत तरी मिळतील का?" असं लोक तोंडावर विचारायचे, पण मी ढिम्म.

त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर नागपूरहून माझ्या सासूबाई आल्या. साडीवर करडा कार्डिगन, पायांत लेकाने घेतलेले पांढरे बूट, आणि बोलण्याचा झपाटा असा की शेजारची अमेरिकन म्हातारी आठवडाभरात यांच्याशी हातवारे करून गप्पा मारायला लागली. माझं त्यांच्याशी छान जमायचं. त्या माझ्या पुणेरी बोलण्याची नक्कल करायच्या, मी त्यांच्या 'करून राहिली'ची करायचे, आणि आमच्या दोघींच्या मधे नवरा मूग गिळून जेवायचा.

एका शनिवारी आम्ही तिघं घरामागच्या पॅटिओवर बसलो होतो. आई, म्हणजे सासूबाई, मटार सोलत होत्या. नवरा घडीची खुर्ची उघडून ऐटीत बसला आणि खुर्चीने त्याच्यासकट स्वतःची घडी घातली. आई मान मागे टाकून हसल्या. गळ्यापर्यंत हसल्या. कॅमेरा माझ्या मांडीवरच होता. एकच फोटो मिळाला, पण तो मिळाला आहे हे मला बोट दाबतानाच कळलं.

पुढच्या आठवड्यात मी तो कॉम्प्युटरवर उघडला तेव्हा आई मागे येऊन उभ्या राहिल्या. "काय करून राहिली? पाहू दे नं."

मी खुर्ची दिली आणि शिकवणी सुरू केली. फोटो सावलीत काढल्यामुळे निळसर होता. मागच्या पांढऱ्या भिंतीवर क्लिक करून मी रंग जागेवर आणले. आईंना मोठी गंमत वाटली. मी सरकपट्टी पिवळ्याकडे नेली की त्या म्हणायच्या, "हळद जास्त झाली." उलट नेली की, "आता थंडीने काकडले मी." हे सगळे बदल जेपेग करण्याआधीच का करायचे, तेही मी समजावून सांगितलं. एकदा जेपेग केलं की फाइलने नको वाटलेलं सगळं फेकून दिलेलं असतं. मग तीच उघडून बदल करून पुन्हा सेव्ह करत गेलं की दर वेळी फोटो थोडा थोडा खराब होतो. लहान फोटोत ते दिसत नाही, मोठ्या प्रिंटमध्ये लपत नाही.

"म्हणजे करंजी तळल्यावर सारणात साखर घालता येत नाही," आई म्हणाल्या. मी इतके दिवस इतक्या लोकांना इतक्या लांबलचक भाषणांनी जे सांगत होते, ते एका वाक्यात झालं.

मग उजेडाची पट्टी काय करते ते दाखवायला मी ती वर सरकवली. आईंचा चेहरा उजळत गेला. सावळा रंग गव्हाळ झाला, गव्हाळाचा गोरा झाला.

"थांब," आई म्हणाल्या. "ही बाई ओळखीची आहे माझ्या. हिच्यापायी माझं लग्न मोडता मोडता राहिलं."

मग त्यांनी सांगितलं. लग्न ठरवायच्या वेळी त्यांचा एक फोटो काढून स्थळांकडे पाठवला होता. स्टुडिओवाल्याने निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून त्यांना गोरीपान केलं. आमच्या सासऱ्यांकडची मंडळी तो फोटो घेऊन बघायला आली. आईंनी पोह्यांचा ट्रे आणून सगळ्यांसमोर धरला. सगळ्यांनी बशा उचलल्या, आणि एक मावशी म्हणाल्या, "पोहे छान आहेत. आता मुलीला बोलवा."

मला हसूही आलं आणि त्या मावशींचा रागही. आई मात्र हसतच होत्या. "तुझे सासरेच म्हणाले, अहो, पोहे देऊन राहिली तीच मुलगी. म्हणून झालं लग्न."

"मग त्या फोटोचं काय झालं?"

"लग्नाच्या फोटोतही तसंच केलं नं मला. पुढे तुझ्या नवऱ्याच्या मुंजीतही पावडर थापून बसवलं. माझ्या घरच्या भिंतीवर सगळीकडे तीच बाई आहे." त्यांनी स्क्रीनवरच्या गोऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. "तू मला एक फोटो करून दे. माझा. मोठा. हॉलमध्ये लावीन. जायच्या आधी होईल का?"

होईल का म्हणजे काय? मी उजेडाची पट्टी पहिल्या जागी आणली. पुढचे दोन दिवस मी त्या एका चेहऱ्यावर काम केलं. गालावरच्या तुकतुकीत प्रकाशात तपशील हरवू दिला नाही, काळ्या केसांचा नुसता काळा डाग होऊ दिला नाही. पोस्टरएवढा प्रिंट करायचा म्हणून फोटोचा आकार एका इंचानेही कमी केला नाही, कडा रेखीव करणारी धार अगदी शेवटी आणि बेताने दिली, आणि मग सगळ्यात वरच्या दर्जावर एकदाच जेपेग केलं. सीडीवर घातलं. प्रिंटचं दुकान नवऱ्याच्या ऑफिसच्या वाटेवर होतं, म्हणून सीडी त्याच्या हाती दिली आणि निर्धास्त झाले.

प्रिंट आला. नवऱ्याने गुंडाळी जेवणाच्या टेबलावर उलगडली आणि चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. वाट्यांच्या मधे एक गोरी बाई हसत होती. गालांवर बारीक चौकोन चौकोन दिसत होते, आणि नाकाचा शेंडा उजेडात विरघळून गेला होता.

"छान आहे," आई म्हणाल्या. "मोठा आहे चांगला." आणि भाजी करपेल म्हणून आत गेल्या. गॅसवर भाजी नव्हतीच.

माझा पारा चढला. दुकानांतली ती यंत्रं, सावळा चेहरा दिसला की फोटोच बिघडलाय असं समजणारी! मनातल्या मनात इंग्रजीत भांडण तयार करून मी शनिवारी दोघांना गाडीत घातलं आणि दुकानात जाऊन प्रिंट काउंटरवर आपटला. काउंटरवरचा दाढीवाला गृहस्थ शांत होता. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, मग मॉनिटर माझ्याकडे वळवला. आम्ही यातलं काहीच बदललेलं नाही, तो म्हणाला. तुम्ही पाठवलेली फाइल हीच.

फाइल खरंच गोरी होती. आणि चिमुकली. ईमेलला जोडतात तेवढी. सीडीवरची नव्हतीच ती. त्यांच्या वेबसाइटवरून आली होती.

मी हळूच वळून नवऱ्याकडे बघितलं. तो बुटांच्या नाड्या तपासत होता.

"सीडी कोण नेऊन देणार, म्हणून मी ऑफिसमधून अपलोड केली," तो म्हणाला. "मोठी फाइल जात नव्हती, म्हणून रिसाइझ केली. आणि म्हटलं, आहेच उघडलेली तर थोडी ब्राइट करू. मग अजून थोडी केली."

"किती वेळा सेव्ह केलीस?" मी विचारलं. खरं सांगते, त्या क्षणी मला नवऱ्यापेक्षा जेपेगचं जास्त वाईट वाटत होतं.

आईंनी मला हाताने थांबवलं. "ब्राइट कायला केली रे?"

"अगं, तू छान दिसावीस म्हणून."

"मग मी आता कशी दिसून राहिली?"

दाढीवाल्याला मराठी येत नव्हतं, पण तोही मॉनिटर सोडून आईंकडे बघायला लागला. नवऱ्याने आईकडे बघितलं. रोज बघतो तसं नाही, नीट बघितलं. लहानपणापासून भिंतीवर ती गोरी बाई आणि स्वयंपाकघरात ही, अशा दोघींमध्ये हा वाढला होता. त्याचा कधी घोळ झाला नाही, आणि कधी प्रश्नही पडला नाही. त्याचे डोळे भरून आले.

"आईसारखी दिसतेस," तो म्हणाला.

"मग तेवढंच छाप नं," आई म्हणाल्या, आणि काउंटरवरचा तो भला मोठा प्रिंट स्वतःच्या हाताने गुंडाळायला लागल्या. मी हसायला लागले, मग तोही डोळे पुसत हसला.

घरी येऊन नवरा कॉम्प्युटरसमोर स्वतः बसला. मी मागे उभी. त्याने रॉ फाइल उघडली, मी एकेक गोष्ट सांगत गेले आणि तो करत गेला. या वेळी आईंचं लक्ष फक्त लेकाच्या हाताकडे. उजेडाच्या पट्टीजवळ त्याचं बोट गेलं की मागून घसा खाकरायचा आवाज यायचा. पुन्हा एकदाच सेव्ह, पुन्हा सगळ्यात वरचा दर्जा. "सोमवारी ऑफिसला जाताना देतो," असं तो म्हणाला तेव्हा आम्ही दोघी एकदमच "नको" म्हणालो. त्याच दुपारी तिघं पुन्हा गाडीत.

दाढीवाल्याने आम्हाला बघितलं आणि न विचारता सीडीसाठी हात पुढे केला. फाइलचा आकार बघून त्याने शीळ घातली. आधी एक छोटी पट्टी छापून बघू, म्हणाला, फक्त गालाची. पट्टी आली तशी आईंनी कार्डिगनची बाही कोपरापर्यंत वर केली, हात काउंटरवर ठेवला आणि पट्टी मनगटाशी लावली. आई आणि दाढीवाला दोघंही वाकून बघायला लागले. पट्टी जरा फिकी होती. "मोअर," आई म्हणाल्या. तो आत गेला, दुसरी पट्टी घेऊन आला. पुन्हा मनगट, पुन्हा दोघं वाकले. "सेम," आई म्हणाल्या. "सेम," तोही म्हणाला, आणि त्याने अशा आनंदाने मान डोलावली की जणू त्यांचं वर्षानुवर्षांचं दुकान होतं भागीदारीत. मी एवढं ते रंगांचं शास्त्र शिकलेली, बाजूला नुसती उभी होते. माझी जरा चिडचिडही झाली, खोटं कशाला सांगू.

मोठा प्रिंट आला तो बघून मात्र मी चिडायचं विसरले. तीन फुटांच्या कागदावर आई मान मागे टाकून हसत होत्या. कार्डिगनच्या लोकरीचा धागा न् धागा दिसत होता, वाटीतले मटार हिरवेगार, आणि चेहरा पिकल्या चिकूसारखा तपकिरी, आणि तुकतुकीत. आई त्याच्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग मला जवळ घेऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मला एकदम खूप बरं वाटलं.

प्रिंट नळीत घालून त्यांनी तो विमानात मांडीवर धरून नेला. हवाईसुंदरीलाही वर ठेवू दिला नाही म्हणे.

पुढे पंधरवड्याने त्यांचा फोन आला. फ्रेम करून फोटो हॉलमध्ये दारासमोरच लावला होता. सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून तिथे नेत होते.

"कोणी काही म्हणालं?" मी विचारलं. मला अर्थात माझ्या कौतुकाची हाव होती.

"म्हणाल्या नं. शेजारच्या काकू आल्या होत्या. बराच वेळ पाहून म्हणतात कशा, सुनेने एवढा मोठा फोटो करून दिला, पण जरा काळा आला, नाही का हो?"

मॉरिसव्हिलच्या स्वयंपाकघरात माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, फोटो काळा नाही आला," आई म्हणाल्या. "मी आले."