काडीमोडीचा कागद

त्या साली देवासला तापाची साथ होती. मी तीन आठवडे अंथरुणाला खिळून होते. एका दुपारी डोळे मिटून पडले असताना भिंतीशी काही घासल्याचा आवाज आला. पाहते तर माझा थोरला भाऊ माझाच कापड मोजायचा गज घेऊन घर मोजत होता.

"रुंदीला नऊ भरले," तो म्हणाला.

वहिनी नाकाला पदर लावून दारात उभी होती. "फडताळं धरलीत का त्यात?" तिने विचारलं.

मी पुन्हा डोळे मिटून घेतले.

मी शिंप्याची लेक. आमचे पूर्वज लष्कराचे तंबू शिवत शिवत दक्षिणेतून माळव्यात उतरले. लग्न होऊन मी धारला गेले. सात वर्षांत मूल झालं नाही, तेव्हा नवऱ्याने पंचांपुढे काडी मोडून मला मोकळं केलं. आमच्या जातीत तशी रीत आहे. माहेरी परतले तर वहिनीने पाण्याच्या तांब्याआधी प्रश्न पुढे केला, "किती दिवस राहायचं आहे?" मी तीन दिवस राहिले. मग राजवाड्यातल्या बायकांच्या चोळ्या शिवून बारा वर्षांत हे दोन खणांचं कौलारू घर उभं केलं. त्या बारा वर्षांत दादा एकदाही उंबऱ्याच्या आत आला नव्हता. आला तो गज घ्यायला.

तापात माझी घाण काढली ती मागच्या अंगणात राहणाऱ्या कुंभारणीने. ती इथलीच, माळव्याची, विधवा. कपडे धुई, कण्हेरी भरवी, आणि मी रडू लागले की म्हणे, "चुप रे बई, मरवा की घणी जल्दी हे कई?"

ताप उतरला. आठवडाभरात धारहून नवरा आला. हातात पेढ्यांचा पुडा आणि कुंकवाचा करंडा. अंगाने सुटला होता, दात पानाने काळे झाले होते. ओसरीवर ऐसपैस बसून म्हणाला, "तुझ्या दुखण्याचं कळलं, जिवाला घोर लागला. आपल्या माणसाशिवाय कोण आहे बायकोला?"

"कोणाची बायको?" मी विचारलं.

"अगं, रागाच्या भरात माणूस बोलतो. काडी मोडली कुठे? नुसती वाकली."

असं म्हणून त्याने बोट कुंकवात बुडवलं आणि माझ्या कपाळाकडे आणलं. त्या बोटाचं नख मला अजून दिसतं. मी मागे सरले, तरी भुवईला लागलंच. तो गेल्यावर मी कपाळ राखेने घासलं, कातडी सोलवटेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्जनविसाकडे गेले. म्हातारा, सरळ माणूस. म्हटलं, माझं मृत्युपत्र लिहा. त्याने सगळं ऐकलं आणि लेखणी खाली ठेवली. "बाई, मूलबाळ नसलेल्या बाईची मिळकत आधी नवऱ्याकडे बघते. नवरा नाही म्हटलं की माहेराकडे. म्हणून तो काडी मोडली नाही म्हणतो, आणि तुमचा भाऊ मोडली म्हणेल. तुम्ही गेल्यावर दोघंही या कागदावर तुटून पडतील. निदान नवऱ्याचं तोंड बंद करा. सोडचिठ्ठी कुठे आहे?"

सोडचिठ्ठी मला कोणी दिलीच नव्हती. मी बैलगाडी केली, इंदुरात मुक्काम केला आणि तिसऱ्या दिवशी धारला पोचले.

पंचांतला एक जण हयात होता. ज्याने स्वतः माझ्या नवऱ्याच्या हातात काडी दिली, तोच. मला पाहून त्याने जपमाळ काढली. "कसली काडी? पोरी, वय झालं, आठवत नाही." आतून त्याची सून बोलून गेली, "परवाच तर त्या काडी मोडणाऱ्याकडे जेवून आलात, मामंजी, तेव्हा सगळं आठवत होतं." म्हातारा माळ ओढत राहिला.

विहिरीवर मला नवऱ्याची दुसरी बायको भेटली. मला तिने ओळखलं. मी काय शोधायला आले तेही तिला ठाऊक होतं. घागर काठावर ठेवून ती म्हणाली, "तो कागद माझ्या माहेरी आहे, इथे गावातच. माझ्या बापाने सवतीवर लेक दिली नाही. आधी सोडचिठ्ठी हातात घेतली, मग हळद लावली."

"मला द्याल?"

"देईन. पण तुमच्यासाठी नाही. तुमची काडी मोडली नसेल तर मी कोण? माझ्या दोन पोरी सवतीच्या घरातल्या ठरतील."

धारमध्ये मला उद्देशून कोणी खरं बोललं असेल, तर ती. संध्याकाळच्या आत तिने कागद आणून दिला. वर मोडीत मजकूर, खाली पंचांच्या निशाण्या. माळ ओढणाऱ्याचीही होती.

देवासला परतल्यावर मृत्युपत्र लिहून झालं. घर कुंभारणीला. मला बाळबोध वाचता येई, मोडी नाही, म्हणून अर्जनविसाने दोनदा वाचून दाखवलं. शेवटी म्हणाला, "बायकांची निशाणी बांगडी. काढू?"

"कात्री काढा," मी म्हटलं. "घर बांगडीने नाही उभं केलं."

नवरा पुन्हा आला तेव्हा मी सोडचिठ्ठीची बाळबोधीत उतरवून घेतलेली नक्कल वाचून दाखवली. तो माझ्याच अंगणात थुंकला आणि करंडा उचलून चालता झाला. दादाने निरोप धाडला की बहीण मेली असं समजू. ते त्याने ताप असतानाच समजून टाकलं होतं. वहिनीने मात्र आळीभर कंडी पिकवली, की कुंभारणीने घाण काढली ती घरासाठी.

ते कुंभारणीच्या कानावर गेलं. ती दोन दिवस आली नाही. मी मागच्या दारी गेले तर चाकाशी पाठ करून बसली होती. "म्हारे नी चइये थारो घर," ती म्हणाली. मी पुष्कळ समजावलं. कागद फाडणार नाही, हेही सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती आली, चूल पेटवली आणि पाणीही न घेता परत गेली.

आता पुन्हा बोलतो, हसतो. पण पूर्वी ती न विचारता माझ्या डब्यातलं पीठ घेऊन जायची. आता दारात उभी राहून विचारते. मी रागावते, ती मान हलवते, आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारते.