खिडकीच्या झिरमिळ्या

मैद्याची खळ शिजल्याचा वास आला की मला इथे परदेशात, आमच्या पॉइंट कुकच्या घरातली लॉकडाऊनची ती दुपार आठवते. सीमा बंद होत्या, त्यामुळे दिवाळीला पुण्याला जाऊन आईच्या दारात कंदील लावायचा माझा दरवर्षीचा मान हुकला होता. इकडे मुलीची युनी, म्हणजे युनिव्हर्सिटी, ऑनलाइन चाललेली, आणि असाइनमेंट म्हणून तिला मध्ययुगीन युरोपातल्या चर्चची गोल, रंगीत काचांची खिडकी करून दाखवायची होती. "ज्यांना वाचता येत नव्हतं, ते काचेवर बायबल बघायचे, बाबा," ती म्हणाली. मी म्हटलं, जिलेटीन कागद आणि खळ, एवढंच ना, मी आहे की! पाकळ्या कापून पॅटिओच्या काचेच्या दारावर चिकटवल्या, आणि हाताच्या सवयीने खाली झिरमिळ्याही लावून मोकळा झालो. "बाबा, सीरियसली? कॅथीड्रलला टेल्स नसतात!" म्हणत ती कात्री घेऊन आली, तेवढ्यात व्हिडिओ कॉलवर पुण्याहून माझी आई दिसली. "कापू नकोस गं! मस्त झालाय कंदील." "आई, अगं ही चर्चची खिडकी आहे," मी म्हटलं. "असू दे. उजेड कुठे पडलाय ते दाखव." फरशीवर लाल-निळा उजेड सांडला होता. मी फोन त्यावर धरला. ऊन सरकत गेलं तसा मीही फोन घेऊन गुडघ्यांवर सरकत राहिलो. असाइनमेंट झिरमिळ्यांसकट गेलं. पुण्यात आता माझ्या कंदिलाची वाट बघणारं कोणी नाही. बायको काचेवरचे खळीचे डाग घासायला निघाली की मी म्हणतो, राहू दे, ऐतिहासिक वास्तू आहे ती.