मास्तरांच्या दातांना रजा

घशाच्या रेडिएशनसाठी बाबांना घेऊन मी रोज पेडण्याहून इस्पितळात जायचे. रांगेत आमच्या शेजारी सुर्ल्याचा एक म्हातारा असायचा. जन्मभर खाणीवरचा ट्रक चालवलेला. नाव मी कधी विचारलं नाही.

डब्यातली पेज जेवला की तो बेसिनपाशी जाई, कवळी काढून मऊ ब्रशने घासून एका छोट्या डब्यात ठेवी आणि मीठ-सोड्याच्या पाण्याने अशी खळखळून गुळणी करी की सगळी रांग वळून बघे. पहिले चार दिवस त्याने फेणीने गुळण्या केल्या होत्या. नर्स ओरडली तेव्हा म्हणाला, "गिळूक नाय हां, शपथ!"

आमचे बाबा निवृत्त मास्तर. झोपतानाही कवळी काढायचे नाहीत. कवळी बसवल्यापासूनच्या अकरा वर्षांत आईनेसुद्धा त्यांना बिनदातांचं पाहिलं नव्हतं. नर्स रोज बजावायची, "तोंड कोरडं पडलंय. कवळीखाली बुरशी धरली तर ट्रीटमेंट मध्येच थांबवावी लागेल." बाबा ढिम्म.

एक दिवस म्हाताऱ्याने आपली कवळी डब्यात खुळखुळवली आणि बोळकं पसरून म्हणाला, "मास्तर, ट्रकसुद्धा आमी रातच्याक धुवन उभो करतंव. तुमच्या दातांक एक रात रजा नाय?"

कित्येक आठवड्यांनी बाबा खो खो हसले.

त्या संध्याकाळी त्यांनी आईकडे रिकामा डबा मागितला. मोरीतून खळखळ ऐकू आली. बाबा तोंडावर हात धरून बाहेर आले. आईने तो हात हळूच खाली केला, बघत राहिली आणि म्हणाली,

"इतकी वर्सां लपयलात कित्याक? गोड दिसतात तुमी!"